हात लावायची पेटी

दालनकाकांचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कुणी वापरलं नसतं. संग्रहालयातल्या जुन्या भांड्यांच्या दालनात राखणदार म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. राखणदाराला बसायला खुर्ची मिळते. पण बसलेला राखणदार म्हणजे झोपेच्या वाटेला लागलेला राखणदार, असं काकांचं मत होतं आणि त्या मतापायी त्यांनी आपले गुडघे घालवले. त्यांच्या काळात त्या दालनातलं एकही भांडं फुटलं नाही, हललं नाही, धुळीचंही झालं नाही. निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठ म्हणाले, "या माणसाने आपल्या दालनात कधी काही घडू दिलं नाही." काकांनी ते कौतुक म्हणून घेतलं आणि घरी येऊन काकूंना दोनदा सांगितलं.

त्यांची हत्यारं दोनच. मोठ्या माणसांसाठी "हात लावू नका", हे हळू, पण ऐकणाऱ्याला आपण चोर आहोत असं वाटायला लावणाऱ्या आवाजात. आणि शाळेच्या सहलींसाठी "हात मागे!" हे मात्र खणखणीत. त्या दोन शब्दांनी धिंगाणा घालत आलेला अख्खा वर्ग एका झटक्यात हात पाठीशी बांधून उभा राहायचा. शिक्षक काकांचे आभार मानायचे. एका शिक्षकाने तर तुमचा आवाज मला मिळेल का, असं विचारलं होतं.

घरी मात्र या हत्यारांना गंज चढलेला. "हे दालन नाही, घर आहे," काकू म्हणायच्या, आणि नातीच्या पुढ्यात सरळ पिठाचा डबा ठेवायच्या. नात दोन वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालायला शिकली तीच गोल गोल फिरत. भिंगरी पीठ उधळायची, पाण्यात चमचे बडवायची, आजीच्या लोकरीचा गोळा पलंगाखालून, टेबलाखालून ओढत न्यायची आणि काका फडकं घेऊन तिच्या मागे. काकू हसायच्या. "पुसा, पुसा. कामाची सवय सुटायला नको."

मग काकू गेल्या. दुखणं छोटं आणि घाईचं होतं. कुठलंही काम रेंगाळत ठेवायचा काकूंचा स्वभावच नव्हता. एक गोष्ट तेवढी अर्धी राहिली. काकांसाठी त्या स्वेटर विणत होत्या. खालून सुरुवात करून तो छातीपर्यंत आला होता आणि तिथेच सुयांवर थांबला होता. रंग मातकट. "हा रंग मला म्हातारा दाखवेल," अशी काकूंनी पहिली ओळ घातली तेव्हा काकांनी कुरकुर केली होती, आणि काकू म्हणाल्या होत्या, "आता दाखवायचं काय राहिलंय त्यात?"

तो स्वेटर, सुया आणि लोकरीच्या गोळ्यासकट, खिडकीजवळच्या काकूंच्या खुर्चीवर होता तसाच राहिला. काका रोज सकाळी खुर्चीचे पाय पुसत, हात पुसत, पाठ पुसत. स्वेटरला हात लावत नसत. कुणी चुकून बसू नये म्हणून त्यांनी खुर्चीसमोर एक लहान टेबल आडवं घातलं. दोरी बांधायची तेवढी राहिली होती. शेजाऱ्यांना वाटलं, काका बरे सावरले. काका सावरले नव्हते. त्यांना जे एकच काम येत होतं ते त्यांनी सुरू केलं होतं.

आणि मग ते झालं. त्या दिवशी लेक भिंगरीला घेऊन आली होती. भिंगरी घरात शिरली ती थेट खुर्चीकडे, टेबलाखालून वाकून पलीकडे गेली आणि तिने लोकरीच्या गोळ्याकडे हात केला. त्यात नवल काहीच नव्हतं; आजी विणायची तेव्हा गोळा धरणं हे भिंगरीचं ठरलेलं काम होतं. पण काकांच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, खणखणीत निघालं, "हात मागे!"

भिंगरी रडलीसुद्धा नाही. तिने हात मागे नेले, पाठीशी एकात एक धरले आणि ती तशीच उभी राहिली. संग्रहालयात असं उभं राहिलेलं पोर पाहून काकांना नेहमी बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

तेव्हापासून भिंगरी आजोबांच्या दारात आली की तिचे हात आपोआप मागे जायचे. खाऊ दिला तरी तोंड पुढे करायची, हात नाही. काका हसून बोलायला गेले की आईच्या मागे लपायची.

एका संध्याकाळी लेक एकटीच आली. चहाचा कप हातात घेऊन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, तिला पाळणाघरात घालतेय. माझ्या ऑफिसच्या बाजूला. घरही आम्ही तिकडेच बघतोय."

"इकडे कधी आणणार मग?"

"आणू ना. जमेल तसं."

जमेल तसं म्हणजे काय, हे काकांना नीट माहीत होतं. निवृत्तीनंतर त्यांची संग्रहालयातली मंडळीसुद्धा त्यांना जमेल तसं भेटणार होती; अजून कुणी आलं नव्हतं.

"पाळणाघरवाल्या बाईंनी तिला एक दिवस बसवून बघितलं," लेक पुढे म्हणाली. "त्यांच्याकडे मुलांसाठी मोठ्या पेट्या असतात. वाळू, तांदूळ, कापूस, पाणी, काय काय भरलेलं. मुलांनी हात घालायचा, चिवडायचं, सांडायचं. त्यानेच मुलं शिकतात म्हणे. सगळी मुलं कोपरापर्यंत बुडलेली. आणि आपली उभी होती. हात मागे धरून." ती थांबली. "बाईंनी विचारलं, घरी मारतं का कुणी?"

लेकीने त्यांना दोष दिला नाही हे त्यांना दोष देण्यापेक्षा जास्त लागलं.

"तसली पेटी मी घरी करतो," ते म्हणाले. "शनिवारी दोन तास तिला माझ्याकडे सोड. एकदा बघ. मग घर बघा, काय ते बघा."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. आईमागे एकटा उरलेला माणूस तो, नाही म्हणता आलं नाही.

आता पेटी करायची म्हणजे करून करून काय करायचं? एक टब, त्यात थोडी वाळू, झालं. असं तुम्हाआम्हाला वाटतं, कारण आपण संग्रहालयात नोकरी केलेली नाही. काकांनी ओळखीच्या सुताराकडून शिसवी रंगाची, सहा खणांची पेटी करून घेतली. एका खणात वाळू, एकात तांदूळ, एकात कापूस, एकात शंख, एकात बुचं, एकात सुकी पानं. प्रत्येक खणाखाली सुबक अक्षरात चिठ्ठी. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना त्यांनी मुद्दाम वर बोलावलं. बाईंनी लहान मुलांच्या वर्गावर जन्म घालवला होता आणि निवृत्तीनंतर त्यांना शिकवायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्या लगेच आल्या.

बाईंनी पेटीभोवती एक चक्कर मारली. "सुंदर आहे हो, दालनकाका. पण हात कुठून घालायचा?"

काकांनी बघितलं. पेटीला वरून काच बसवलेली होती. काचेला कुलूप होतं. किल्ली काकांच्या खिशात होती. हे सगळं त्यांनीच सुताराला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"धूळ बसते," ते ओशाळून म्हणाले.

"बसू दे की. आणि हे खण काढा. मुलं वाळू तांदळात घालणार, तांदूळ पानांत घालणार. चिठ्ठ्या कुणी वाचायच्या? पोरगी दोन वर्षांची आहे." बाईंचा आवाज चढला, त्यांना फार दिवसांनी कुणीतरी चुकलेलं सापडलं होतं. "साधा टब घ्या. मोठा. उथळ. वाळू भरपूर हवी."

पेटी माळ्यावर गेली आणि काका वाळूच्या मागे लागले. बागेतल्या खेळाच्या जागी वाळू मुबलक आहे हे आठवून ते तिकडे गेले, आणि ती बारीक आहे की खरखरीत हे बघायला वाकून त्यांनी एक मूठ उचलली.

"ओ आजोबा!" मागून आवाज आला. "हात लावू नका!"

बागेचा रखवालदार होता. कालपरवा मिसरूड फुटलेला, टोपी कानांवर आलेली. काकांनी वाळू टाकली, आणि काय करतोय हे कळायच्या आत त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गेले होते. ते तसेच उभे राहिले. झोपाळ्यावरची मुलं बघत होती. कानाची पाळी गरम झाली. त्यांना सांगायचं होतं की बाबा रे, हे वाक्य म्हणण्यात माझा जन्म गेला, तू आवाज चुकीचा लावतोयस. पण पाठीशी हात बांधून उभ्या माणसाने ते कसं सांगायचं. हात पुढे घ्यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ त्यांच्या डोळ्यांपुढे भिंगरीच उभी होती.

रखवालदाराने त्यांना बागखात्याच्या कचेरीत पाठवलं. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "वाळू कशासाठी?"

"नातीने हात घालावा म्हणून."

"म्हणजे उपयोग काय?"

"हात घालणं हाच."

"उपयोग नाही, असं लिहू?"

"लिहा."

"उपयोग नसेल तर देता येत नाही." कारकून दुःखी माणूस असावा, त्याने तेही हळूच सांगितलं. "बागेत येऊन कितीही खेळा. बादलीत भरली की ती मालमत्ता होते."

शेजारी नवी इमारत उठत होती. तिथल्या मुकादमाला काकांनी फाटकाशी गाठलं आणि एक बादली वाळू मागितली. मुकादम दिलदार निघाला. काकू त्याच्या बायकोला विणकामाचे टाके शिकवायच्या, हे काकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. "काकूंच्या घरी बादलीने वाळू पाठवू होय? लाजवता का!" तो म्हणाला, आणि दुपारी काका जरा आडवे झाले असताना त्याने हातगाडी भरून वाळू पाठवली. गाडीवाल्याला जिन्याने वर जायचा कंटाळा आला. खाली गाड्या लावायच्या जागी एक चौकोन रिकामा होता, तिथे त्याने ती ओतली. तो चौकोन इमारतीच्या सेक्रेटरींचा होता.

सेक्रेटरी संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या जागी वाळूची टेकडी आणि टेकडीवर आसपासची झाडून सारी मांजरं होती. मांजरांना वाळू कशासाठी लागते हे सांगायला नको. काका टब घेऊन धावत खाली आले तोवर वाळू नातीच्या काय, कुणाच्याच कामाची राहिली नव्हती. ती उपसून बाहेर टाकायला काकांना संध्याकाळ पुरली नाही, आणि तेवढा वेळ सेक्रेटरी गाडीत बसून दिवे लावून उजेड देत राहिले. मदतीचा तो एक प्रकार होता.

"वाळू राहू द्या," मास्तरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी धीर दिला. "तांदूळ रंगवू. माझ्या वर्गात मी असे तांदूळ करायची की इन्स्पेक्टर पेन ठेवून खेळत बसायचा."

मग तांदूळ आले, खायचे रंग आले, व्हिनेगर आलं. लाल, पिवळे, हिरवे, निळे तांदूळ गच्चीवर जुन्या चादरीवर वाळत पडले. काका स्वतः राखणीला उभे राहिले, कारण त्यांना बसून राखण जमत नाही. पण ते चहा प्यायला खाली उतरले. उभ्या जन्मात त्यांनी दालन सोडून चहा घेतला नव्हता. काकू गेल्यापासून मात्र दुपारच्या त्या वेळेला त्यांना घरात जावंसं वाटायचं, कारण त्याच वेळी त्या चहा टाकायच्या. तेवढ्यात कबुतरांनी डाव साधला. काका वर आले तेव्हा चादर स्वच्छ होती आणि कबुतरं गच्चीवरच्या दोऱ्यांवर पोटं फुगवून बसली होती. दोऱ्यांवर इमारतीची धुणी वाळत होती.

पुढचं सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की खायचा रंग कबुतराच्या पोटातून गेला तरी उतरत नाही. सेक्रेटरींचे पांढरे शर्ट त्या दिवशी दोरीवर होते.

समितीची बैठक तळमजल्यावर भरली. काकांना बसा म्हटलं. ते उभेच राहिले. वाळू झाली, मांजरं झाली, कबुतरं झाली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही म्हणजे शिस्त. काकू असत्या तर हे झालं असतं का?"

"काकू असत्या तर पेटीच लागली नसती," काका म्हणाले.

सेक्रेटरींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून उगीच पुसला. तरी ठराव झालाच, कारण बैठक भरली की ठराव होतो: इमारतीत, गच्चीत आणि गाड्यांच्या जागेत कुणीही चिवडण्याजोगा पदार्थ आणू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. काकांनीही हात वर केला; नियमाच्या बाजूने हात वर करायची त्यांना सवय होती.

आता घरात उरलं होतं ते एवढंच: रिकामा टब, काही सुके वाटाणे, माळ्यावरच्या पेटीतली बुचं आणि शंख, आणि चमचे. तेवढ्यावर भागवायचं काकांनी ठरवलं. पण समोरच्या दारातले औषधवाले सकाळी दुकानात जाता जाता डोकावले. औषधवाल्यांनी दुकानात इतके आजार पाहिले होते की त्यांना निरोगी माणूस दिसला की काळजी वाटायची.

"वाटाणे?" ते ओरडलेच. "नाकात जातो, काका. मी बघितलाय. काढा." वाटाणे गेले. "बूच गिळतं पोर. काढा. शंखाला धार आहे. चमच्याचा दांडा डोळ्यात." त्यांनी एकेक वस्तू बाहेर ठेवली आणि टबाकडे समाधानाने बघितलं. "आता सुरक्षित आहे."

"रिकामा आहे," काका म्हणाले.

"म्हणूनच. तुम्ही असं करा, मऊ घ्या, मोठं घ्या, आणि टोक नको. मऊ, मोठं, बिनटोकाचं. एवढं लक्षात ठेवा, पोर कधी दवाखान्यात जाणार नाही." जिना उतरताना ते वळून पुन्हा म्हणाले, "आणि टबही तसा घसरतो बरं का."

तो शनिवारच होता.

लेक यायला थोडा वेळ होता. दालनकाका टबाशेजारी जमिनीवर बसले. जमिनीवर बसणं त्यांच्या गुडघ्यांना परवडणारं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना उभं राहवेना. एवढी धडपड केली, अख्ख्या इमारतीत हसं झालं, ठराव झाला, आणि पोर येणार ती रिकामा टब बघायला. येईल, हात मागे धरून उभी राहील, दोन तास उभी राहील. मग लेक येईल आणि काही न बोलता तिला उचलून नेईल. त्यानंतर सगळं जमेल तसं.

मऊ, मोठं, बिनटोकाचं. घरात असं काय होतं? त्यांनी उशी टबात ठेवून बघितली, उशीसारखी दिसली. टॉवेल ठेवला, धुणं दिसलं. मग त्यांनी काकूंचं कपाट उघडलं. ते त्यांनी उघडलं नव्हतं अजून. आत काकूंचा लोकरी स्कार्फ होता, हातमोजे होते, गुलाबी आणि पिवळ्या लोकरीचे उरलेले गोळे होते, आणि काकूंचा वास होता. काका तिथेच उभे राहून रडले. मोठ्याने, तोंड झाकून न घेता. बघायला होतंच कोण. मग डोळे पुसून त्यांनी ते सगळं उचलून टबात घातलं.

तरी टब अर्धाच भरला. ते खिडकीकडे वळले. टेबल बाजूला सारलं.

स्वेटर त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. काकूंनी खाली ठेवल्यावर त्याला लागलेले ते पहिलेच हात. मऊ होता, मोठा होता. टोकं मात्र होती: दोन लांब सुया. औषधवाल्यांचा आवाज कानात होताच. काकांनी सुया अगदी जपून, एकेक करून सरकवून बाहेर काढल्या आणि उंच फडताळावर ठेवल्या. आपण फार खबरदारी घेतली असं त्यांना वाटलं. जन्मभर काकूंना घरात विणताना पाहिलं, पण सुयांवर नेमकं काय धरलेलं असतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सुई निघाली की टाके उघडे पडतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दार वाजलं. लेक आत आली, तिने टबाकडे बघितलं. "बाजारातून येते," एवढं म्हणाली आणि गेली.

भिंगरी दाराशी उभी होती. हात मागे.

"ये," काका म्हणाले. "हे तुझं."

भिंगरी टबापर्यंत आली. आत वाकून बघितलं. हात मागेच. काकांनी स्कार्फ हलवला, मोजे हातात घालून बोटं नाचवली. आपण कसे दिसत असू याची एरवी त्यांना फार काळजी. आज नव्हती. भिंगरीचे डोळे मोज्यांवरून स्वेटरवर गेले आणि तिथेच राहिले.

"आजी," ती म्हणाली.

"हो. आजीचा."

"हात नाही," भिंगरी म्हणाली, आणि मान हलवली. तिने त्यांनाच बजावलं होतं.

काकांना वाटलं, आता काही उपयोग नाही. जे आपण एका शब्दाने केलं ते आयुष्यभर बोलून आता निघणार नाही. मग त्यांनी स्वतःचा हात टबात घातला. पार कोपरापर्यंत. "हात आहे," ते म्हणाले. "बघ. आजोबांचा हात आहे."

भिंगरीने बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचा एक हात पाठीमागून सुटला, कडेने पुढे आला, आणि सवयीच्या कामाला लागावा तसा मातकट लोकरीच्या गोळ्यावर जाऊन बसला. तिने गोळा उचलला, छातीशी धरला आणि ओढत चालू लागली; आजीकडे असताना चालायची तशी, टेबलाखालून, पलंगाकडे.

धागा ताणला गेला. स्वेटरच्या वरच्या कडेचा एक टाका सुटला, त्याच्याशेजारचा सुटला, आणि मग ओळच्या ओळ सरसर उसवत गेली.

काकांचं तोंड उघडलं. "हात—" एवढं बाहेर आलं.

भिंगरी थबकली. तिने वळून पाहिलं. तिचे खांदे आखडले, गोळा धरलेला हात मागे जायला लागला.

त्या क्षणी काकांना सगळं एकदम दिसलं: काकूंच्या हातची ती ओळ, जी परत कुणाला विणता येणार नाही, आणि तो छोटा हात. त्यांनी ओठ मिटले. मग ते गुडघ्यांवर पुढे सरकले, त्यांनी स्वेटर टबातून उचलला आणि दोन्ही हातांत सैल धरला, धागा अडकू नये म्हणून.

"हात लाव," ते म्हणाले. "ओढ. अजून आहे."

भिंगरीने ओढलं. ओळ सुटली. तिने पुन्हा ओढलं, आणि सुटणाऱ्या लोकरीची नागमोडी सर तिच्या पायांवर आली, आणि ती हसली. काकू गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा ती हसली. मग ती धावायलाच लागली. टेबलाभोवती एक फेरी, खुर्चीभोवती एक, काकांभोवती एक. स्वेटर छातीवरून पोटावर आला, पोटावरून कमरेवर. काका हातांत धरून होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते प्रत्येक ओळीला "अजून आहे" म्हणत होते. मग काकूंनी विणलेली पहिली ओळ आली, ज्या ओळीला काका रंगावरून कुरकुरले होते. तीही सुटली. काकांच्या हातात काही उरलं नाही.

भिंगरी लोकरीच्या ढिगात बसली. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. थोड्या वेळाने तिने काकांचं बोट धरलं आणि तेही आत ओढलं, आणि त्यांना तिथेच ठेवून घेतलं.

लेक आली तेव्हा दोघं तशीच बसली होती. घरभर, पायांत, खुर्चीच्या दांड्यांना, काकांच्या मानेभोवती मातकट लोकर होती. लेकीने ती ओळखली. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बाबा! आईचा स्वेटर!" ती वाकली आणि लोकर गोळा करायला तिने घाईघाईने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," काका म्हणाले. "ती खेळतेय."